काकूंचं खाली बसणं

काकूंचे दोन्ही गुडघे दुखायचे, पण औषध मिळायचं एकालाच.

मी मूळची नाशिककडची. बँकेने बदली करून वर्ध्याजवळ देवळीला धाडलं तेव्हा आधी भरपूर रडून घेतलं आणि मग खोली शोधली. वरच्या मजल्यावर मी, खाली घरमालकीण काकू एकट्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या आणि आवाजाने त्याहून भरलेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगलोरला. गाव त्यांना बाई म्हणायचं. मी काकू म्हणायला लागले, कारण शाळा सुटल्यापासून कुणाला बाई म्हणण्याची मला हौस उरली नव्हती.

राहायला गेले त्याच आठवड्यात पाहिलं, काकू दारापुढच्या ओट्यावर बसलेल्या, उजव्या गुडघ्याला तेल लावून शेकलेली रुईची पानं फडक्याने बांधलेली आणि डावा उघडाच.

"डावा बरा आहे का?" मी आपलं सहज विचारलं.

"नाई वं. तो तं याच्याहून जास्त ठणकते."

"मग त्याला का नाही बांधलं?"

"दोन्हीले बांधलं तं गुण पानानं आला का आपल्या आपण आला, कसं समजन? एक तसाच ठेवा लागते तुलनेले. तुले शाळेत काई शिकवलं नाई का कोनं?"

गुडघेदुखीवर औषध न सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. भाजीवाली निरगुडीचा पाला आणून द्यायची, पोस्टमन कुठल्याशा तेलाची बाटली, समोरच्या घरातली सून मेथ्या भिजवून खा म्हणायची. काकू नाही कुणालाच म्हणत नसत. सगळं घ्यायच्या आणि एकाच गुडघ्यावर लावायच्या, पाला असो की तेल. डिंकाचे लाडू आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. लाडू काही एका गुडघ्यापुरता खाता येत नाही. म्हणून त्यांनी तो प्रयोगातून बाद केला आणि डबा माझ्या हातात दिला. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते, लाडू त्याहून चांगले होते.

प्रयोगाचा निकाल कधी लागला नाही. उजव्याला जरा आराम पडला की त्या सगळा भार त्याच्यावर टाकून चालायच्या, मग डाव्यालाही बरं वाटायचं, आणि दोन दिवसांत दोन्ही पुन्हा एकदम ठणकायला लागायचे. त्यात उजवा खुबाही दुखायला लागला होता. त्याची तुलना करायला डावा खुबा होता, पण तो बिचारा काही दुखत नव्हता. काकूंना त्याचा फार अभिमान. कुणी तब्येत विचारली की म्हणायच्या, "डावा खुबा भल्ला मस्त हाय!"

जिना त्या उलट्या उतरायच्या. गच्चीवर वाळवण घालायला चढल्या की उतरताना तोंड भिंतीकडे, पाठ अंगणाकडे, कठडा धरून एकेक पायरी मागे मागे. पाहणाऱ्याला वाटावं, बाईंचं काही वर विसरलंय आणि त्या परत चढताहेत. खाली पडलेली वस्तू उचलायला काठीला चिमटा बांधला होता. कपड्याचा चिमटा नव्हे, पोळी शेकायचा. त्या चिमट्याने त्या टाचणीसुद्धा उचलत. वाकायचं नाही म्हणजे नाही. वर्ध्याला जायचं असलं की स्टँडवर ड्रायव्हरला सांगून एस.टी. अगदी फलाटाच्या कडेला लावून घ्यायच्या, म्हणजे ती पहिली उंच पायरी चढावी लागायची नाही. एकदा एक नवा ड्रायव्हर कुरकुरला. काकू खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "बाळू, तू सातवीत होतास तवा तुले मी सहलीले कडेवर घेऊन चढवलं होतं, पाय मुरगळला म्हून. लाव गाडी." गाडी लागली. तो बाळू होता की नव्हता, मला अजून ठाऊक नाही.

पण हे सगळं वरवरचं. काकूंचा खरा जीव ज्यात होता ती गोष्ट वेगळीच होती. गावात कुणाकडे माणूस गेलं की काकू बसायला जायच्या.

जातात सगळेच. आतल्या खोलीत सतरंजी टाकलेली असते, घरची बाई, तेरवीपर्यंत उंबरा न ओलांडणारी, भिंतीला टेकून बसलेली आणि बाकीच्या बायका तिच्याभोवती जमिनीवर. येतात, रडतात, "कसं काय झालं व?" म्हणून विचारतात, ती सांगते, पुन्हा रडतात आणि जातात. मग नव्या येतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. काकूंना या विचारण्याचा मनस्वी राग. त्या जाऊन त्या बाईच्या अगदी अंगाला लागून बसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. दुसरी कुणी विचारायला लागली की डोळे वटारायच्या, "आत्ताच सांगतलं ना तिनं? तिले काय पाठ करून दाखवाले लावता?" वर्ग चूप व्हायचा.

हल्ली अशा घरात म्हाताऱ्यांसाठी एखादी प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. काकूंकडे ती सरकवली की त्या हाताने दूर लोटायच्या. मला म्हणाल्या, "ते बाई जमिनीवर अन् मी वरतून पाहून राह्यली, असं दिसते का बरं? मी काय पेपरवर सुपरविजन करून राह्यली?"

म्हणून त्या खाली बसायच्या. चौकट धरून, मग भिंत धरून, मग शेजारणीचा खांदा धरून, शेवटी धप्पकन. बसणं जमायचं. उठणं हा माझा विषय होता. सगळ्या बायका गेल्या की काकू एका कुशीवर वळायच्या, मग तान्हं पोर रांगतं तशा हातागुडघ्यांवर यायच्या, दात आवळून "हं" म्हणायच्या आणि मी काखेत हात घालून त्यांना ओढून उभं करायची. गुडघा टेकला की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. देवळीत लोक मला बँकेतली म्हणून कमी आणि बाईंना उठवणारी म्हणून जास्त ओळखायचे. आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसांच्या घरी मी बसून आलेय. आई फोनवर म्हणायची, "तुला तिथे पगार नेमका कशाचा मिळतो गं?"

पहाटे त्या सरावही करायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी एकदा खाली बसायचं आणि एकदा उठायचं. मी वरून आवाज ऐकायची. आधी धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग "हं". त्यानंतर चहाचं आधण.

वर्ध्याच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. त्यांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, दोन्ही गुडघे संपलेत, बदलावे लागतील, खुब्याचं नंतर पाहू. काकू म्हणाल्या, "एकच बदला. दुसरा तुलनेले राहू द्या." डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मंग खाली बसता येईन ना?"

"नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर अजिबात नाही. खुर्ची, पलंग, कमोड. चालायचं मात्र भरपूर."

"थोडा वेळ बी नाई?"

"नाही."

"तेरवीपर्यंत?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते पुढच्या पेशंटचा फोटो बघायला लागले.

त्यानंतर काकूंनी ऑपरेशन पुढे ढकलायला सुरुवात केली. आधी ऊन फार. मग पाऊस, वावरात सोयाबीन. मग महालक्ष्म्या आल्या. मुलगा बंगलोरहून ओरडायचा, इकडून मी ओरडायची. रात्री कुशीवर वळताना त्या कण्हायच्या ते वर ऐकू यायचं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. शेवटी एका रविवारी चहा पिताना मी फणकारून म्हटलं, "आता काय मुहूर्त काढायचाय का?"

काकूंनी कप खाली ठेवला. "विमलचे घरचे बिमार हायेत," त्या म्हणाल्या.

विमलमावशी म्हणजे काकूंची मैत्रीण. दोघी रोहणा गावच्या, एका बाकावर बसून शिकलेल्या, आणि दोघींना दिलं ते देवळीतच. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. विमलमावशींचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. त्या सुमाराला त्यांचं हृदय फार कमजोर झालं होतं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

"त्यांचा तुमच्या गुडघ्यांशी काय संबंध?"

"माह्ये घरचे गेले ना, तवा विमल माह्याजवळ बसली होती. तेरवीपर्यंत. घरी तिचं लेकरू तापानं फणफणलेलं, सासू करकर करे, तरी येऊन बसे. बोले नाई काई. तिचा गुडघा माह्या गुडघ्याले लागून राहे, तेवढंच मले आठवते. बाकीचे कोण आले, काय बोलले, सारं पुसून गेलं." मग त्या म्हणाल्या, "आता तिच्यावर येईन. मी आपरेशन करून बसली तं तिच्याजवळ खाली कोण बसन?"

मला आधी हसू आलं. "म्हणजे काकू, तुम्ही त्या माणसाच्या जाण्याची वाट बघताय?"

"वाट नाई पाह्यत वं! पण आलं तं मी तयार पायजे ना." हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला आणि माझं हसू जागीच विरलं. कुणाला सांगता येईल असं हे कारणच नव्हतं. मलाही त्यांनी गप्प राहण्याची शपथ घातली.

आणि गंमत अशी, की ते गेलेच नाहीत. घरी आणलेला माणूस महिनाभरात उठून बसला. मग अंगणात फिरायला लागला. थंडी पडली तशी डोक्याला मफलर गुंडाळून रोज सकाळी काकूंच्या फाटकावरून चक्कर मारायला लागला. काकूंचे हे भाऊजी फाटकाशी थांबून हाक मारायचे, "काय वहिनी, गुडघे काय म्हणतात?"

"ठणकतात, भाऊजी."

"मोहाचं तेल लावून पाहा."

तेही त्यांनी एका गुडघ्याला लावून पाहिलं. भाऊजी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या पाहत राहायच्या. एकदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माणूस वाचला तं आनंदच हाय वं. विमलचं कुंकू हाय. मी देवाले नारळ फोडलं." आणि खुबा चोळत चोळत आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका घरी बसायला गेलो होतो. सगळ्या बायका उठल्या, काकू कुशीवर वळल्या आणि तिथेच राहिल्या. खुबा अडकला. मी ओढलं तर त्या किंचाळल्या. त्यांना किंचाळताना मी पहिल्यांदा ऐकलं. मांडवातले पुरुष आत आले, चौघांनी सतरंजीसकट उचलून त्यांना ऑटोत घातलं. जिचा माणूस गेला होता ती बाई आपलं रडणं सोडून काकूंची चप्पल घेऊन मागे धावली. काकूंनी ते पाहिलं. वाटभर तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी तिचं पाह्याले गेलती, अन् तिलेच माह्यं पाहा लागलं."

त्याच आठवड्यात भाऊजी आले. फाटकापाशी न थांबता आत आले, पायऱ्यांवर दम घेतला आणि काकूंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मी चहा टाकायला उठले तर मला थांबवलं.

"वहिनी, एक विचारू? राग नका मानू. तुमी माह्यासाठी आपरेशन अडवून धरलं काय?"

काकू माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मीच चहाडी केली.

"हिनं नाई सांगतलं. विमलनं वळखलं. तिले तुमचं सारं समजते." ते हसले आणि हसता हसता खोकले. "मले तं डाक्टरनं बी सोडलं होतं, पण मी हाय. आणखी किती दिवस हाय ते मले मालूम नाई. तुमी माह्या भरवशावर नका राहू. करून टाका."

काकूंनी पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. म्हणाल्या, "तुमी असं अभद्र नका बोलू, भाऊजी."

"मी बोललो तं अभद्र, अन् तुमी सालभर मनात धरून बसल्या ते?"

यावर काकू जे हसल्या, ते हसता हसता रडायलाच लागल्या. भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. दोन्ही गुडघ्यांचं, तुलनेला काही न ठेवता. व्यायाम त्यांनी शाळेच्या वेळापत्रकासारखे केले. फिजिओथेरपीवाल्या मुलीला त्या उशिरा आल्याबद्दल ओणवं उभं करतील की काय, अशी मला धास्ती. दिवाळीला काकू काठी न घेता बाजारात जाऊन आल्या. भाऊजींना फाटकाशी थांबवून चालून दाखवलं. खुबा दुखत होता, पण पूर्वीइतका नाही. जिना मात्र त्या अजून उलट्याच उतरायच्या. सवय लागली म्हणायच्या.

संक्रांत झाली आणि भाऊजी गेले. सकाळी आंघोळ करून उन्हात बसले होते, बसल्या जागीच गेले.

मला बँकेत कळलं, ते दुपार उलटल्यावर. तशीच घरी आले. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी चौकट धरून उभ्या होत्या, गुडघे अर्धवट वाकलेले, कपाळावर घाम. खाली बसायचा सराव चालला होता.

"काकू!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरची सून बाहेर आली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? वेड लागलंय का तुम्हाला? पडलात, काही मोडलं, तर कोण निस्तरणार?"

"एकच डाव. आजच्या दिवस."

"नाही म्हणजे नाही. बसलात तर मी उठवणार नाही. तिथेच राहा मग!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी लुगडं नीट केलं, पदर घेतला आणि आम्ही निघालो. मी त्यांचा दंड घट्ट धरला होता. आधार म्हणून धरला होता, तसाच त्यांनी काही करू नये म्हणूनही.

पुरुष तेव्हा स्मशानातून परतले होते. आतली खोली बायकांनी भरली होती. विमलमावशी समोरच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. लहानखुरी बाई, त्या दिवशी आणखीच आक्रसलेली. त्यांच्याशेजारी उजवीकडे थोडी जागा मोकळी होती. कुणी ती मुद्दाम ठेवली होती की कसं, कुणास ठाऊक. एका मुलीने खुर्ची पुढे केली. काकूंनी मान हलवली आणि दारातच उभ्या राहिल्या, चौकटीला धरून.

बायका येत होत्या, बसत होत्या, विचारत होत्या, उठत होत्या. विमलमावशी पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, आंघोळ केली, उन्हात बसले, चहा मागितला. आज विचारणाऱ्यांना दटावायलाही काकूंच्या अंगात बळ नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. नव्या गुडघ्यांना उभं राहणं झेपतं, खुब्याला झेपत नाही. त्यांचा उजवा पाय थरथरायला लागलेला मला दिसत होता. मी कानात म्हटलं, "काकू, बसा ना खुर्चीवर." त्या म्हणाल्या, "चूप."

विमलमावशींची नजर एकदा वर आली, दारापर्यंत आली आणि काकूंच्या पायावर थांबली.

मग त्या उठल्या. भिंत धरून, हळूहळू. आत एकदम गलबला झाला. "विमलबाई, बसा, बसा!" "काय पायजे, आमाले सांगा." "मामी, बाहेर नका जाऊ, आज नाई जात बाहेर." जावेने तर पदरच धरला. विमलमावशींनी तो सोडवून घेतला, बायकांच्या मांड्यांमधून वाट काढत दारापर्यंत आल्या आणि काकूंच्या हाताला धरून उंबरा ओलांडला. अंगणात पुरुष बसले होते. ते उठून बाजूला झाले.

विमलमावशी ओट्याच्या कडेवर बसल्या, पाय खाली सोडून. शेजारची फरशी त्यांनी हाताने झटकली.

"बस अठी. इथं वाका नाई लागत."

काकू बसल्या. त्यांना ते सहज जमलं. विमलमावशींच्या अगदी अंगाला लागून बसल्या, आणि मग एवढ्या वेळचं धरलेलं सगळं सुटलं. खांदे हलायला लागले. "विमल, मले खाली बसता नाई आलं वं," त्या म्हणत राहिल्या. "तुह्याजवळ मले बसता नाई आलं. मी सालभर थांबली होती."

"मालूम हाय मले."

"अन् मंग नाईच थांबली."

विमलमावशींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सकाळपासून त्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होत्या, हे पहिलंच वेगळं वाक्य असेल.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तू खाली बसली असती, तं मी बी तठी आतच बसून राह्यली असती."